दूताने आधी खुर्ची मागितली

न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या घरी भारतातून वाईट बातमी यायची असली, की ती आधी दिनकरराव सबनीसांकडे यायची. मंडळाने ठराव करून हा मान त्यांना दिला होता असं नाही. वीसेक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मामांना भाच्याचा फोन लागेना, म्हणून त्यांनी सबनीसांना गाठलं. सबनीस भाच्याच्या घरी गेले आणि बातमी इतक्या बेताबेताने सांगितली, की भाच्याने रडायच्या आधी त्यांचे आभार मानले. तेव्हापासून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्यांची एक पद्धत ठरलेली होती. ‘गेले’ हा शब्द ते तोंडातून काढत नसत. आधी ‘तब्येत जरा नरम आहे’, मग ‘ॲडमिट केलंय’, मग ‘डॉक्टर म्हणतात, बघू’, आणि एवढं झालं की स्वतःच लॅपटॉप उघडून विमानाची तिकिटं शोधायला बसायचे. विनय नावाच्या एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाचे आजोबा गेले, तेव्हा दिनकरराव शनिवारी सकाळी दहाला त्याच्या दारात हजर झाले. हवेबद्दल बोलले. मोटारीचे थंडीतले टायर कधी बदलायचे याबद्दल बोलले. आजोबांचं वय आता काय असेल, असं सहज विचारलं. एकोणनव्वद, असं कळल्यावर ‘म्हणजे तसं वय झालंच’ असं म्हणून दुसरा चहा मागितला. साडेबाराला विनयनेच न राहवून विचारलं, काका, आजोबा गेले का? दिनकररावांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि तसं म्हणायला हरकत नाही, असं सांगितलं. विनय पुढे सगळ्यांना सांगत असे, की तोवर आजोबांची काळजी मागे पडून, हे काका उठणार कधी, याचीच काळजी लागली होती. त्यामुळे बातमी ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं.

हा नुसता भिडस्तपणा नव्हता. माणसाला एकदम सांगू नये, त्याला आतून तयार व्हायला वेळ द्यावा, असं दिनकररावांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी नोकरीतही सोडलं नाही. एका मोठ्या कारखान्यात ते ट्रान्सफॉर्मर तपासायचे. ‘नापास’ असा शेरा त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही लिहिला नाही. ‘अजून पास व्हायचा आहे’ असं लिहायचे. त्यांचा साहेब त्यांचे रिपोर्ट दोनदा वाचायचा आणि मग फोन करून विचारायचा, की ‘आल्झो’, म्हणजे ‘हं, तर’, नेमकं झालंय काय. उलट जर्मन लोक. एकदा दिनकररावांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस वारला, आणि सकाळी पावणेनऊला सगळ्या डिपार्टमेंटला दोन ओळींची ईमेल आली. दिनकररावांनी ती हातात कॉफीचा मग असताना वाचली. ज्याने पाठवली, त्याला त्यांनी पुढे कित्येक महिने मनातून माफ केलं नाही.

आता उल्काताईंबद्दल, आणि त्यांच्या कढीपत्त्याबद्दल. उल्काताई म्हणजे दिनकररावांची बायको. कढीपत्ता म्हणजे, तसं बघितलं तर, घरातला तिसरा माणूस. अकरा वर्षांपूर्वी ईश्वरी नावाची पीएचडी करणारी एक मुलगी शहर सोडून निघाली, तेव्हा वीतभर रोप उल्काताईंच्या ओटीत घालून गेली. त्याचं पाच फुटी झाड झालं होतं. हिवाळ्यात त्याला दिवाणखान्यातली रेडिएटरपासून बेताच्या अंतरावरची जागा मिळायची आणि डोक्यावर एक खास दिवा. उल्काताई त्याला ताकाचं पाणी घालायच्या, त्याच्याशी बोलायच्या, आणि पाहुण्यांनी त्याच्याकडे बघून ‘केवढा वाढलाय’ म्हटलं तर त्यांना आवडायचं नाही. इंडियन दुकानात पाकिटातला कढीपत्ता मिळतो, पण त्याला वास म्हणून नसतो. त्यामुळे शहरातल्या निम्म्या मराठी घरांच्या फोडण्या या एका झाडावर चालायच्या. नियम असा, की एका घराला एक डहाळी, तीही उल्काताईंच्या हातून. दिनकररावांनी स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने पान तोडलं, असं कधी घडलं नाही.

यंदा फेब्रुवारीत उल्काताईंच्या बहिणीच्या, शोभनाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या तीन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी फ्रिजवर कागद चिकटवला. त्यात सतरा सूचना होत्या, त्यांतल्या चौदा कढीपत्त्याच्या. दिनकरराव नुकतेच कामावरून रिटायर झाले होते आणि दिवसभर घरात बसून डब्यांची जागा बदलत होते, म्हणून अठरावी सूचना उल्काताईंनी दारात तोंडी दिली, की काहीतरी छंद बघा.

वस्तीच्या कल्चर सेंटरमध्ये हौशी नाटकाचा ग्रुप होता. कॉलेजात असताना दिनकररावांनी सांगलीला एकांकिकेत काम केलं होतं, तेवढ्या बळावर ते तिथे जाऊन उभे राहिले. ग्रुपने यंदा अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक नाटक घेतलं होतं. त्याचं नाव असं होतं, की ते दिनकररावांना शेवटपर्यंत एका दमात म्हणता आलं नाही. गोष्ट मात्र साधी होती. एक राजा हट्टाने आपल्या मुलाला लढाईवर पाठवतो, मुलगा मरतो, आणि एक दूत येऊन राणीला ते सांगतो. मग राजा येतो, माझ्याच हट्टाने माझा मुलगा गेला म्हणून छाती पिटतो, आणि संपतं. राजा झालेला हेर प्योल, म्हणजे प्योलसाहेब, हा रिटायर पोस्टमन होता. राणी झालेली अंके ही दातांची डॉक्टर होती. आणि दूताचं काम दिग्दर्शिका फ्राउ लिंडाखर यांनी दिनकररावांना दिलं, कारण त्यांच्या मते ते दुरून चालत आल्यासारखे दिसत.

एकूण बेचाळीस ओळी. त्यातली पहिली सगळ्यांत सोपी, चार शब्दांची: डाइन जोन इस्ट टोट. तुझा मुलगा मेला आहे.

दिनकररावांनी ती घरी आरशासमोर पाठ केली, भांडी घासताना पाठ केली, कढीपत्त्यालाही म्हणून दाखवली. तालमीत मात्र ते धावत स्टेजवर आले, राणीसमोर थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि राणीसाठी खुर्ची मागितली. ग्रीक नाटकात खुर्ची नसते, असं फ्राउ लिंडाखर म्हणाल्या. मग निदान पाणी तरी, असं दिनकरराव म्हणाले. दुसऱ्या तालमीत त्यांनी राणीला सांगितलं, की मुलाची तब्येत जरा बरी नाही. तिसऱ्या वेळी त्याला क्रांकनहाउसमध्ये भरती केलं. ग्रीसमध्ये तेव्हा हॉस्पिटलं नव्हती, हे फ्राउ लिंडाखरनी त्यांना हळुवारपणे सांगितलं, तर दिनकरराव म्हणाले, की माहीत आहे, पण राणीला बरं वाटावं म्हणून. हेर प्योल पोस्टमन असल्यामुळे त्याला हे अजिबात बघवेना. त्याने तीस वर्षांत घरोघरी कोर्टाच्या नोटिसा पोचवल्या होत्या आणि एकालाही बसायला सांगितलं नव्हतं.

हे सगळं दिनकरराव मुद्दाम करत होते असं कुणी समजू नये. त्यांना खरंच जमत नव्हतं. अंके समोर उभी राहायची, लोकांच्या दाढा काढून संध्याकाळी थकून आलेली बाई, आणि तिच्या तोंडाकडे बघून ‘टोट’ म्हणायचं म्हटलं, की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस अचानक उघडला. दुपारी सतरा डिग्री. फ्रिजवरच्या कागदातली नववी सूचना होती, ‘छान ऊन असेल तर दोन तास बाल्कनीत. दोनच.’ दिनकररावांनी कुंडी उचलून बाल्कनीत ठेवली आणि झाडाला म्हणाले, की घे, अंग शेकून घे. मग तालमीला गेले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ‘टोट’ निघालं. अगदी पुटपुटल्यासारखं, पण निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अंकेने मिठी मारली, हेर प्योलने बिअर पाजली, आणि दिनकरराव अशा काही आनंदात घरी आले, की सरळ जाऊन झोपले.

सकाळी बाल्कनीचं दार उघडलं, तर कठड्यावर बर्फाची पांढरी साय होती. रात्री उणे चार झालं होतं. कढीपत्त्याची एकूण एक पानं काळी पडून लोंबत होती. दिनकररावांनी कुंडी आत घेतली, दिव्याखाली ठेवली, कोमट पाणी घातलं, नखाने खोड जरासं खरवडून बघितलं. आत हिरवं नव्हतं. ते तिथेच जमिनीवर बसले. आजवर त्यांनी बऱ्याच घरी बातम्या पोचवल्या होत्या, पण अशी कधी पोचवली नव्हती, कारण यात मारणारा आणि सांगणारा एकच होता. उल्काला काय सांगायचं, याशिवाय त्यांच्या डोक्यात दुसरं काही येईना.

अकरा वाजता त्यांनी पुण्याला फोन लावला. शोभनाच्या गुडघ्याची चौकशी केली, फिजिओथेरपिस्टची केली, तिथल्या उकाड्याची केली. मग म्हणाले,

“बाकी सगळं ठीक. कढीपत्त्याची पानं जरा मलूल वाटतायत.”

उल्काताईंनी पलीकडून विचारलं, की तुम्ही जेवलात का. अजून नाही, असं दिनकरराव म्हणाले. जेवून घ्या, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दिनकररावांनी कपाळावरचा घाम पुसला. पहिला टप्पा पार पडला, असं त्यांना वाटलं. पुढचं सगळं त्यांनी आखून टाकलं. फोनवर ‘मलूल’च्या पुढे जायचं नाही. उल्का मे महिन्यात सोमवारी परत येईल, तेव्हा झाड बेडरूमच्या कोपऱ्यात चादरीखाली ‘विश्रांती’ घेत असेल. गुरुवारपर्यंत ‘बघू’, आणि त्याच्या पुढच्या रविवारी, तिने स्वतः विचारलं तर, तसं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोनवर एकच संभाषण व्हायचं. कसा आहे, असं उल्काताई विचारायच्या. तसाच आहे, असं दिनकरराव सांगायचे, आणि हे तर खरंच होतं. एकदा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. तो न उचलता ते धावत बाउमार्क्टला, घर-बागेचं सामान मिळतं त्या दुकानात, गेले आणि जरा तशाच पानांचं एक शोभेचं झाड घेऊन आले, आणि मग उलट कॉल लावून, दिवाणखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभं राहून, नेटवर्क खराब असल्याची तक्रार करत, उल्काताईंना ते दाखवलं. छान, काळजी घ्या त्याची, असं म्हणून उल्काताईंनी विषय बदलला.

मंडळींपासून लपवणं जास्त कठीण होतं. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या गल्लीतली देवश्री डहाळी न्यायला आली. दिनकरराव दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, की सध्या त्याला भेटायला बंदी आहे. देवश्रीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, काका, कधीपासून? दोन आठवडे झाले, जरा नरम आहे, असं दिनकरराव म्हणाले. देवश्रीने त्यांचा हात दाबला आणि जिना उतरली. त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या घरांतून सबनीसांकडे डबे आले. तिन्ही डब्यांत पिठलं-भात होता. तिघी बायकांना एकाच वेळी पिठल्याची बुद्धी कशी झाली, याचं दिनकररावांना नवल वाटलं, आणि त्यांनी ते आवडीने खाल्लं. आणणारे लोक दोन मिनिटं बसत, चपला बाहेर काढून, हळू आवाजात बोलत, आणि निघताना ‘येतो’ असंही न म्हणता निघून जात. उल्का घरी नाही म्हणून लोक किती जपतात, या विचाराने त्यांना भरून यायचं.

प्रयोग मेमधल्या एका रविवारी होता, दुपारी चारला. ऐंशी खुर्च्या, मागे कॉफी आणि केक. पडदा नव्हता, त्यामुळे दिनकररावांना पायात सॅंडल आणि गुडघ्यापर्यंतचा झगा अशा वेषात हॉलबाहेर आग विझवायच्या नळकांड्याशेजारी पन्नास मिनिटं उभं राहावं लागलं. मग ढोल वाजला, तसे ते ठरल्याप्रमाणे धावत, धापा टाकत स्टेजवर आले. राणी वळली. तिच्या मागे पांढऱ्या चादरी गुंडाळलेल्या सहा बायका एका सुरात म्हणाल्या, की बघा, दूत आला, हा काय बातमी आणतो.

दिनकररावांनी दम घेतला, समोर बघितलं, आणि तिसऱ्या रांगेत उल्काताई बसलेल्या दिसल्या.

केबिन बॅग मांडीवर, विमानातला स्वेटर अंगावर, शेजारी विनय. नवऱ्याचं नाटक बघायचं म्हणून त्यांनी तिकीट एक दिवस अलीकडे घेतलं होतं आणि सकाळी फ्रॅंकफर्टला उतरून ट्रेनने थेट इथे आल्या होत्या. घरी गेलेल्या नाहीत, चादरीखालचं बघितलेलं नाही. सोमवार, गुरुवार, पुढचा रविवार, सगळी आखणी दिनकररावांच्या डोळ्यांसमोर कोसळली.

“क्योनिगिन,” ते राणीला म्हणाले, “बिट्टे, आधी बसून घ्या.”

बसायला अर्थातच काही नव्हतं. फ्राउ लिंडाखरनी पहिल्या रांगेत डोळे मिटून घेतले. दिनकरराव चुळबुळले. मुलाची तब्येत, असं काहीतरी सुरू करणार, तेवढ्यात अंके एक पाऊल पुढे आली. तिचा सगळा जन्म घाबरलेल्या माणसांशी बोलण्यात गेला होता. तिने त्यांचा खांदा धरला आणि नाटकात नसलेलं वाक्य, दवाखान्यात बोलते त्या आवाजात, बोलली.

“सरळ सांग. दुखायचं ते एकदाच दुखेल.”

“टोट,” दिनकरराव म्हणाले.

केवढ्यांदा म्हणाले! मागच्या रांगेत केक कापणारी बाई थांबली. पण ते राणीकडे बघत नव्हते. ते राणीच्या खांद्यावरून तिसऱ्या रांगेकडे बघत होते, आणि एकदा बांध फुटल्यावर उरलेल्या एक्केचाळीस ओळी कुठे वाहून गेल्या, ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं, की मीच त्याला बाहेर ठेवलं. ऊन दाखवायला ठेवलं आणि विसरलो. रात्री उणे चार होतं. सकाळी बघतो तर एकूण एक पान काळं. अकरा वर्षं जपलं होतं त्याला, आणि मी बिअर पीत बसलो.

नाटकातला राजपुत्र सेनापती होता, पंचविशीचा. आणि ग्रीसमध्ये एवढी थंडी पडत नाही, हे प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना सुट्टीतल्या सहलींमुळे माहीत होतं. पण दूताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्यामुळे कुणी हसलं नाही. एवढं झाल्यावर अंकेला राणीची किंकाळी फोडणं जड गेलं नाही. सहा बायकांचा कोरस मात्र गोंधळला. त्यांना ‘दूताला दोष देऊ नका, तो केवळ निरोप्या’ असं म्हणायचं होतं. तिघींनी म्हटलं, तिघी गप्प राहिल्या.

मग राजा आला. माझ्याच हट्टाने माझा मुलगा गेला, हा हेर प्योलचा मोठा क्षण होता आणि चार महिने तो त्याची वाट बघत होता. पण गुन्ह्याची कबुली तर त्याच्या आधीच होऊन गेली होती. हेर प्योलने छाती पिटायला उचललेले हात खाली घेतले. न्यायी माणूस, दुसऱ्याच्या नावाचं पत्र त्याने कधी आपल्याकडे ठेवलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, की यात थोडी चूक माझीही आहे. आणि नाटक संपलं.

कॉफीच्या वेळी एका रिटायर शिक्षकाने फ्राउ लिंडाखरचं अभिनंदन केलं. राजेलोक युद्धं करतात आणि सामान्य माणूस स्वतःला दोषी समजत बसतो, हे फार धीटपणे दाखवलंत, आणि त्या काळ्या पानांची प्रतिमा तर विसरता येणार नाही, असं तो म्हणाला. फ्राउ लिंडाखरनी एकदा दिनकररावांकडे बघितलं आणि गेनाऊ, अगदी बरोबर, असं म्हणून अभिनंदन स्वीकारलं. दिनकरराव झगा बदलून हॉलच्या दाराशी आले, तर उल्काताई विनयच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. वाटेत विनय रस्त्याच्या कामांबद्दल बोलत राहिला.

घरी पोचेपर्यंत सात वाजले असतील. बाहेर अजून लख्ख उजेड होता. उल्काताईंनी बॅग ठेवली, बेडरूममध्ये गेल्या, कोपऱ्यातली चादर काढली, वाळलेल्या खोडावरून एकदा हात फिरवला आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या. दिनकरराव अपराध्यासारखे उभेच होते.

“ऐंशी जर्मन लोकांना सांगितलंत,” उल्काताई म्हणाल्या. “मला फोनवर सांगता आलं नसतं?”

“नसतं,” दिनकरराव म्हणाले. “मला वाटलं, तुला सहन होणार नाही. हळूहळू सांगणार होतो.”

“मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“तुम्ही म्हणालात ना, पानं जरा मलूल वाटतायत. फोन ठेवला आणि डोक्यावरून आंघोळ केली. शोभना म्हणतेय, अगं, दुपारी साडेतीनला कसली आंघोळ.”

दिनकररावांना आधी काही उमगेना. मग त्यांनी हिशोब मांडला. मार्चपासून मेपर्यंत, रोज संध्याकाळी, एकही दिवस न चुकता.

“मग रोज कशाला विचारत होतीस, कसा आहे म्हणून?”

उल्काताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या रडत होत्या, आणि रडता रडता त्यांना हसू येत होतं.

“मग काय करू? इथे एकटे होतात तुम्ही. एवढ्या मायेनं लपवत होतात, बाजारातून झाड आणून दाखवलंत. मला कळलंय, हे तुम्हाला एकदम कसं सांगायचं? म्हटलं, प्रत्यक्ष भेटलो, की बेताबेताने सांगेन.”

दिनकरराव उल्काताईंच्या शेजारी बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढ्या लोकांना जपून जपून सांगितलं होतं. आपल्यालाही कुणी असं जपतंय, हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. फार बरं वाटलं त्यांना. आणि मग, दोन महिन्यांनी, कढीपत्ता खरोखरच गेला.

“मी नाही केली अजून आंघोळ,” ते म्हणाले.

ते उठले, कपाटातून पंचा घेतला आणि बाथरूममध्ये गेले.

“डोक्यावरून घ्या हो,” उल्काताई बाहेरून म्हणाल्या.